आठ बोटं ऊब

अँजेला आंटींना एक स्लीपिंग बॅग जाळायची होती, आणि ती आणून देण्यासाठी आम्ही तिघं हिमालयात निघालो होतो. ऐकायला वेडेपणा वाटेल. पण घोडबंदर रोडच्या टॉवरांमागे दडलेल्या त्यांच्या गावठाणात, अंगणातल्या ओट्यावर बसून त्या बाईंचं बोलणं ऐकलं असतं, तर तुम्हीही सॅक भरायला घेतली असती.

बॅग त्यांनीच शिवलेली. नाताळाला आणि गावच्या सणाला त्यांच्या घरी बदक शिजतं. बदकं घरचीच. त्यांच्या छातीवरची बारीक लव आंटी वर्षानुवर्षं उशीच्या अभ्र्यात साठवत आल्या होत्या. ट्रेकर लोक तिलाच 'डाऊन' म्हणतात आणि तिच्यासाठी कर्ज काढायलाही तयार असतात. थोरल्या लिनोला डोंगरांचं वेड लागलं, तेव्हा आंटींनी उल्हासनगरहून लाल पॅराशूटचं कापड आणलं, त्याचे कप्पे शिवले आणि ओंजळीओंजळीनं लव भरून लेकाला बॅग करून दिली.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात लिनो लाहौलकडच्या एका उंच खिंडीत एकटाच गेला आणि परत आला नाही. खिंडीचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की पुढच्या सुट्टीत निम्मी डोंबिवली तिथं फोटो काढायला हजर होईल! शोधपथकाला त्याचा देह खालच्या घळीत सापडला. अंगात जाकीट होतं, डोक्याला मार होता. बॅग मात्र कुठंच नव्हती.

मग तोंड उघडलं ते विनीतनं. खोपटला एसटी डेपोजवळ त्याचं ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान आहे, आणि आमच्या ग्रुपमध्ये सामानाच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. निघण्याआधी ऑगस्टात लिनोनं बॅग त्याच्याकडे नेली होती. विनीतची मोजायची रीत ठरलेली. बॅग टेबलावर पसरायची, झटकायची, जरा वेळ तशीच सोडायची आणि मग तिची उंची बोटांनी मोजायची. ऊब पिसात नसते, पिसांनी धरून ठेवलेल्या हवेत असते. बॅग जितकी फुगते तितकी ती गरम. लिनोची भरली पाच बोटं. "शून्याच्या जरा खाली चालेल, पुढे नाही," विनीत म्हणालेला. लिनो हसला आणि तीच बॅग घेऊन गेला.

मयताच्या दिवशी भरल्या घरात विनीत हळहळून बोलून गेला, "बॅग पातळ होती. थंडी सोसली नसणार. अंधारातच उतरायला निघाला असेल आणि पाय घसरला." मनाचा वाईट नाही तो. पण काही माणसांना खरं वाटलं की ते कुठं आणि कुणासमोर बोलतोय याचं भान राहत नाही. आंटी दाराशीच उभ्या होत्या. आपलेच दात, आपलेच ओठ! त्यानंतर त्यांनी बदकं देऊन टाकली. जानेवारीच्या थंडीतही अंगावर काही घेतलं नाही.

जुलैत एका खच्चरवाल्यानं टाकलेला फोटो फिरत फिरत आमच्यापर्यंत आला. खिंडीखाली मेंढपाळांची दगडी झोपडी, आणि तिच्यासमोर उन्हात पसरलेली लाल बॅग.

"आणा ती," आंटी म्हणाल्या. "अंगणात जाळते. माझ्याच हातच्या पिशवीनं माझा पोर खाल्ला. जळली का मग तरी मना झोप लागंल."

त्यांचा धाकटा, नेविल, शेजारीच होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी समीक्षा. कल्याणला माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या ट्रेकरांची जाकिटं आणि बॅगा मीच धुते. लिनो माझा जुना मित्र. विनीत तर न बोलावताच आला. "मोजलेली मी होती ना, मग मीही येणार," एवढंच म्हणाला.

*

सप्टेंबर संपत आला होता. शेवटच्या वस्तीच्या पुढे दरी अरुंद होत गेली आणि झाडं मागे पडली. मग गवतही विरळ झालं. उरले फक्त करडे दगड आणि त्यांच्यावरून सरकणाऱ्या ढगांच्या सावल्या. हवा इतकी कोरडी, की ओठ तडकले आणि नखांभोवतीची कातडी सोलून निघू लागली. आवाजही तिथं विचित्र वागत. आपण बोललेलं वाक्य समोरच्या कड्यावरून जरा उशिरानं परत येई, आणि दर वेळी वाटे, कुणीतरी तेच वाक्य आपल्या मागून म्हणतंय.

खच्चरवाला गवताच्या शेवटच्या पट्ट्यावर थांबला. सामान उतरवलं आणि म्हणाला, "इसके आगे मैं नहीं जाऊँगा."

"फोटो तो तुमनेही निकाला था," विनीत आपल्या ठाणेरी हिंदीत म्हणाला.

"दूर से निकाला था." त्यानं झोपडीच्या दिशेनं बघायचंही टाळलं. "वहाँ धूप में कोई सोता है. बुलाओ तो उठता नहीं. शाम को देखो तो होता ही नहीं."

नेविलनं सॅक खांद्यावर घेतली आणि चालायला लागला.

दुपारपर्यंत आम्ही ओढ्याशी पोहोचलो. हिमनदीचं पाणी दुधासारखं गढूळ, तळ दिसत नव्हता. विनीत पुढे, मी मध्ये, नेविल शेवटी. पाण्यानं गुडघे बधिर केले. आणखी चार पावलं. मागे धप्प आवाज झाला. मी वळले. नेविल नव्हता! फक्त त्याची सॅक पाण्यावर गिरकी घेत होती. मग त्याचं डोकं वर आलं. विनीतनं काठी पुढे केली. मी सॅकचा पट्टा धरला. पाणी ओढत होतं, आम्ही ओढत होतो. शेवटी तिघंही काठावर येऊन पडलो.

मी नेविलची सॅक उघडली. आतली महागडी, परदेशी डाऊनची बॅग पिळून काढावी लागली. पिळल्यावर तिचा जो काही लगदा झाला, तो मी दुकानात रोज बघते. ओलं डाऊन म्हणजे ओला कापूस. त्यात हवा राहत नाही, म्हणून ऊबही राहत नाही. माझ्या दुकानात ड्रायर आहे. इथं खिंडीमागून काळा ढग वर चढत होता.

"झोपडीत जाऊ," मी म्हटलं. "दुसरा रस्ता नाही."

शेवटचा चढ आम्ही जवळजवळ धावतच चढलो. माथ्यावर आलो आणि तिघंही एकदम थांबलो.

झोपडी समोर होती. तिच्यापुढच्या सपाट दगडावर, ढगातून निसटलेल्या उन्हाच्या एका पट्ट्यात, कुणीतरी निजलं होतं. लाल पांघरुणात, उताणं. रुंद छाती वर आलेली. पावलं उंच. आणि वाऱ्याच्या झुळकीसरशी ती छाती हलके खालीवर होत होती.

"लिनो," नेविल म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, सकाळी हाक मारून उठवावं तसा.

उठलं कोणीच नाही. आम्ही जवळ गेलो. बॅग रिकामी होती! पण आकार माणसाचाच. मी वाकून हात लावला तेव्हा समजलं. आंटींनी छातीच्या आणि पायांच्या कप्प्यांत जास्त लव भरली होती, आणि ते कप्पे फुगून लिनोएवढे झाले होते. कारण समजलं म्हणून अंगावरचा काटा गेला, असं मात्र नाही. बॅगेला वास येत होता. उन्हाचा, आणि आंटी लव साठवताना अभ्र्यात टाकतात त्या कडुलिंबाच्या पाल्याचा. त्या दगडांच्या मुलखात घोडबंदरच्या अंगणाचा वास!

आणि बॅग स्वच्छ होती. वर्षभर डोंगरात पडलेल्या वस्तूवर धूळ असते, उंदरांची भोकं असतात. हिच्यावर काहीच नव्हतं. चारी कोपऱ्यांवर धोंडे ठेवलेले, एका रेषेत. कुणीतरी ती आज सकाळी वाळत घातली होती.

"कोण आहे?" विनीत ओरडला. कड्यानं उशिरानं विचारलं, कोण आहे?

उन्हाचा पट्टा विझला. पहिला हिमकण माझ्या हातावर पडला. आम्ही बॅग उचलली आणि आत शिरलो.

*

वादळ म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं. झोपडीला दार नव्हतंच, नुसतं घोंगडं. ते आम्ही दगडांनी दाबून धरलं. फटींतून बर्फ पिठासारखं आत गळत होतं. विनीतनं स्टोव्ह पेटवला. नेविल कोपऱ्यात गुडघे कवटाळून बसला होता आणि थरथरत होता. ओले कपडे काढून त्याला माझे आणि विनीतचे कोरडे कपडे घातले. तरी थरथर थांबेना. विनीतनं आपली बॅग त्याला दिली. पण नेविल भावासारखाच ताडमाड, आणि ती बॅग त्याच्या बरगड्यांपर्यंतच आली. माझी तर त्याहून आखूड.

"लिनोची घाल," मी म्हटलं.

"नाही."

"नेविल, बाकीचं नंतर बघू रे."

"मेलेल्या माणसाची आहे ती. मम्मीनं जाळायला मागवलीये. मी त्यात झोपू?"

"आणि पाच बोटांचीच आहे," विनीत पुटपुटला. मी त्याच्याकडे असं बघितलं, की तो गप्प झाला.

तेवढ्यात बाहेर कुणीतरी खोकलं.

म्हाताऱ्या माणसाचा कोरडा खोकला, अगदी भिंतीला लागून. पुन्हा खोकला. मग पावलं, बर्फात हलकी, सावकाश, झोपडीभोवती फिरणारी. भिंतीला काहीतरी घासत होतं. विनीतनं बॅटरी घेऊन घोंगडं बाजूला केलं. पांढऱ्या भिरभिरीखेरीज काहीच दिसलं नाही. त्यानं हाक मारली. उत्तर आलं नाही. घोंगडं पुन्हा दाबलं, आणि पावलं पुन्हा सुरू झाली.

मी नेविलकडे वळले. त्याची थरथर थांबली होती.

जरा बरं वाटलं, आणि लगेच आठवलं. थरथर थांबणं चांगलं नसतं! "नेविल, तुझं नाव सांग." त्यानं ओठ हलवले. शब्द जिभेतच अडकले. डोळे अर्धे मिटलेले. हात लाकडासारखे.

मग कुणाला विचारत बसलो नाही. विनीतनं खांदे धरले. मी पाय धरले. कोंबला त्याला त्या लाल बॅगेत! चेन हनुवटीपर्यंत ओढली. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पोटाशी दिली. तोंडात गुळाचा खडा ठेवला. आणि बसून राहिलो.

ती बॅग पुन्हा फुगताना मी बघितली. आधी सगळीकडून चेपलेली होती. मग एकेक कप्पा सावकाश वर येऊ लागला. खांदे, छाती, मग पाय. स्टोव्हच्या निळ्या उजेडात असं वाटत होतं, की नेविलच्या शेजारी आत आणखी कुणीतरी येऊन निजतंय. विनीतलाही तेच वाटलं असावं. तो सरकून माझ्याजवळ येऊन बसला.

बऱ्याच वेळानं नेविल हलला. डोळे मिटलेलेच होते. झोपेत, लहान मुलाच्या आवाजात म्हणाला, "लिनो, सरक ना जरा."

विनीतनं माझा हात घट्ट धरला. मी रडत होते, भीतीनं की सुटकेनं ते मला आजही सांगता येणार नाही. नेविलच्या कपाळाला हात लावला. कपाळ ऊबदार होतं. मानेवर चक्क घाम होता!

*

पहाटे वारा पडला. घोंगड्याच्या फटीतून उजेड आला, तेव्हा नेविल जागा होऊन चहा मागत होता. तो बॅगेतून बाहेर आला, तसं विनीतनं ती दगडी ओट्यावर पसरली, झटकली, जरा वेळ सोडली, आणि हात आडवा धरून बोटं मोजली. मग पुन्हा मोजली.

"आठ," तो म्हणाला.

"नीट मोज."

"तिसऱ्यांदा मोजतोय समीक्षा. आठ."

मला कळायला वेळ लागला नाही. "तू ऑगस्टात मोजलेलीस ना? खोपटला?"

"दुकानात. झड लागलेली. मीठ ओलं होऊन बरणीत घट्ट बसलेलं त्या आठवड्यात." तो खाली बसला. "लिनो तिला पिशवीत दाबून घेऊन आलेला, पावसातून."

मुंबईकडच्या माणसाला कपाट उघडलं की बुरशीचा वास येणारच हे ठाऊक असतं, चामड्याचे बूट पावसाळ्यात कागदात गुंडाळायचे हेही ठाऊक असतं. पण आपण ज्या हवेत श्वास घेतो तीच मोजमाप बिघडवते, हे डोक्यात येत नाही. खाडीकाठची ती ओली हवा लवेत शिरून बसली होती, आणि लव मिटली होती. इथं कोरड्या हवेत, उन्हात, ती पुरती उमलली होती. विनीतनं बॅग मोजलीच नव्हती. त्यानं ठाण्याचा श्रावण मोजला होता!

"आणि मी ते त्यांच्या घरात बोललो," विनीत म्हणाला. त्याचा चेहरा बघवेना.

नेविल बॅगेवर हात ठेवून बसला होता. "म्हणजे तो गारठला नव्हता," तो हळू म्हणाला. "मग एवढी गरम बॅग सोडून तो अंधारात गेला कशाला?"

त्या प्रश्नानं झोपडी पुन्हा थंड पडली. आणि नेमकं तेव्हाच बाहेर पुन्हा कुणीतरी खोकलं.

या वेळी मी उठले आणि घोंगडं सरळ ओढून काढलं. भिंतीला चिकटून, पाठीवर बर्फ घेऊन, सात-आठ शेळ्या उभ्या होत्या. त्यातली एक माझ्याकडे बघून म्हाताऱ्यासारखी खोकली. मला हसू फुटलं. आणि हसता हसता दिसलं, की खिंडीकडून एक बुटका म्हातारा काठी टेकत उतरतोय.

तो गद्दी जमातीचा मेंढपाळ होता. कळपातल्या हरवलेल्या शेळ्या शोधत आला होता. वादळात तो पलीकडच्या कपारीत अडकला होता. आम्हाला बघून थबकला. मग त्याची नजर नेविलवर गेली, त्याच्या उंचीवर, त्याच्या चेहऱ्यावर, आणि म्हाताऱ्याच्या हातातली काठी खाली पडली.

"आ गया तू?" तो म्हणाला.

"मी... मैं उसका भाई हूँ," नेविल म्हणाला.

म्हातारा बर्फातच बसला. मग त्यानं जे सांगितलं ते तुटक होतं, पण सरळ होतं. गेल्या ऑक्टोबरात तो याच झोपडीत तापानं फणफणून पडला होता. साथीदार कळप घेऊन पुढे गेलेले. संध्याकाळी एक उंच मुलगा आला. त्यानं म्हाताऱ्याला आपल्या लाल बॅगेत घातलं, पाणी पाजलं, रात्र होईपर्यंत पाय चोळले. ताप उतरेना, धाप थांबेना, तेव्हा म्हणाला, खाली जाऊन माणसं आणतो. बॅग तुझ्याजवळच राहू दे. आणि गेला. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याचे साथीदार परत आले आणि त्याला बॅगेसकट पलीकडच्या बाजूनं उचलून नेलं. वसंतापर्यंत तो अंथरुणातच होता. मग कानावर आलं, की अलीकडच्या घळीत कुणी बंबईवाला मेला. नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

"किसी की अमानत थी," तो म्हणाला. म्हणून या मोसमात तो बॅग इथंच घेऊन आला. रोज सकाळी उन्हात घालायची, संध्याकाळी आत घ्यायची. वरून दिसेल अशी. मुलाचं कुणीतरी शोधत येईलच.

नेविलनं विचारलं, "ठंड लगी थी आपको? इसमें?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. "पैर पहले गरम हुए," तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी आपली पावलं धरून दाखवली.

मग त्यानं आत जाऊन बॅगेची नीट घडी घातली आणि नेविलपुढे धरली. नेविलनं ती घेतली आणि छातीशी धरली. ज्या वस्तूसाठी एवढं आलो होतो ती हातात होती. मग त्यानं ती म्हाताऱ्याच्या खांद्यावर ठेवली.

*

आम्ही परतलो तेव्हा आंटींनी अंगणात सुक्या झावळ्या रचून ठेवली होती. काडेपेटी ओट्यावर होती. त्यांनी आमच्या हातांकडे बघितलं.

"कुठंय?"

विनीत पुढे झाला. "आंटी, मी चुकीचं मोजलेलं. आठ बोटं होती." तो त्यांच्या पायांशी बसला. मग नेविलनं सगळं सांगितलं. झोपडी, वादळ, म्हातारा, त्यालाच दिलेली बॅग. आंटी उभ्यानंच ऐकत होत्या. शेवटी नेविल म्हणाला, "पाय आधी गरम झाले, असं म्हणाला तो."

तेव्हा त्या खाली बसल्या. पदराचं टोक तोंडाशी धरलं.

"पायाकडं दोन ओंजळी जास्त घातलेल्या मी," त्या म्हणाल्या. "लिनोचे पाय गार पडायचे ना. लहानपणापासून."

पलीकडे घोडबंदर रोडवर हॉर्न वाजत होते. मग आंटींनी डोळे पुसले, काडेपेटी उचलून कमरेला खोचली, आणि नेविलला विचारलं, "तो म्हातारा केवढा आहे उंचीला?"

"बुटका आहे. माझ्या खांद्यापर्यंत."

"मग लांब पडत असंल त्याला." त्या जराशा चिडल्यासारख्या झाल्या. "खालून दुमडून घ्यायला सांगितलं का नाही कुणी?"